भाचीचा प्रश्न

आज भाचीला सिकलसेलच्या, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, तपासणीला नेलं. मेडिकल चौकातून परतताना ऑटोत तिनं विचारलं, "मामा, ही कॅप्सूल सगळ्यात आधी कोणी घेतली?"

हायड्रॉक्सीयुरिया, तिचं सिकलसेलवरचं औषध. अमेरिका अन् कॅनडात 299 प्रौढ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. सुमारे निम्म्यांना औषध, बाकीच्यांना औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही अन् डॉक्टरलाही. दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यानं घटले, ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुफ्फुसांवर येणारं गंभीर दुखणं, तेही कमी झालं, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. 1995 साली निकाल छापून आला.

रिकामी कॅप्सूल वाट्याला आलेले लोक माझ्या डोक्यातून जात नाहीत. कळा सोसत तेही तपासणीला येतच राहिले.

पोरगी यंदाच्या थंडीत एकदाही भरती झाली नाही.