तुम्ही विचारलंत म्हणून : टेन्शन, सांधे आणि ती एक रेघ

"टेन्शनमुळे झालं का हो तुम्हाला हे?" बारशाला, लग्नात, बँकेच्या रांगेत, माझी बोटं दिसली की कुणीतरी हे विचारतंच. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन 11 वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मी याच प्रश्नाने स्वतःला पोखरत होते. आपण फार काळजी करतो, म्हणून आपल्याला हे झालं, असं वाटायचं. तसं नसतं. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यात आनुवंशिकता असते, सिगारेटसारखी कारणं असतात. काळजीखोर स्वभावाची ती शिक्षा नव्हे. कुणा नव्या पेशंटला हे ऐकायची गरज असेल, तर कृपा करून सांगा.

पण संबंध आहे, आणि तो मला रोज सकाळी जाणवतो. सहा वाजता दुधाची पिशवी कापायला घेतली, तर कात्रीच्या कडीत अंगठाच जात नाही. साडेआठला तेच हात कणीक मळतात. दाह वाढवणारी रसायनं रात्रीच्या उत्तरार्धात चढतात. त्यांना आवर घालणारं कॉर्टिसॉल मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून पहाटे वाढू लागतं. आम्हा पेशंटमध्येही ते असतं, पण दाहाच्या मानाने पुरत नाही. ताणात शरीर सोडतं तेही हेच हार्मोन. महिनोन् महिने ताण राहिला की पेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि आवर सुटतो.

याच हार्मोनच्या कुळातलं औषध 1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 29 वर्षांच्या एका बाईला दिलं. जेमतेम हालचाल करू शकणारी ती बाई काही दिवसांतच चालू लागली. गरोदरपणात या पेशंटना आराम पडतो, हे हेंच यांनी कितीतरी आधी टिपून ठेवलं होतं, म्हणजे आराम देणारं काहीतरी शरीरातच असणार, असा त्यांचा अंदाज होता. 1950 साली त्यांना याच हार्मोन्सवर काम करणाऱ्या केंडल आणि राइशस्टाइन या शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. या कुळातल्या औषधांचे, म्हणजे स्टेरॉइडचे, दुष्परिणामही लवकरच दिसले, म्हणून आज डॉक्टर ते शक्य तितकं कमी आणि थोडे दिवस देतात.

आता उपचारांचं. आमचे डॉक्टर दर भेटीत 28 सांधे एकेक करून दाबतात. दुखरे किती, सुजलेले किती, ते मोजतात. रक्ताचा रिपोर्ट बघतात. आणि मला एक आडवी रेघ देतात, शून्यापासून शंभरापर्यंत. त्रास किती, तिथे मी खूण करायची. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो आणि त्यावरून औषध वाढवायचं की नाही ते ठरतं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी तीन आठवडे तिच्या खाटेशेजारी बाकावर रात्री काढल्या. नंतरच्या भेटीत खूण ऐंशीवर केली. दुखरे सांधे 11, सुजलेला एकच, रिपोर्ट चांगला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरी काय चाललंय?" मला रडू आलं. त्यांनी औषध बदललं नाही. रात्रीची पाळी भावाबरोबर वाटून घ्यायला सांगितली, झोपेबद्दल विचारलं, दीड महिन्याने पुन्हा बोलावलं. दुखणं खरंच होतं, पण औषध हरलेलं नव्हतं. झोप उडाली की वेदना जास्त जाणवते.

याच्या उलटही झालंय. एकदा मनगटं सुजून लाल झाली, तर घरातले सगळे म्हणाले, मुलीच्या बारावीचं टेन्शन आहे. मीही तेच धरून चालले आणि भेट पुढे ढकलली. ती सूज खरी होती, मेथोट्रेक्सेट या माझ्या नेहमीच्या औषधाचा डोस वाढवावा लागला. त्याचा गुण यायला पुन्हा आठवडे गेले. म्हणून सांगते, ताण आहे की सूज, हे घरच्यांनी ठरवू नये. आणि बरं वाटतंय म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करू नये. बाहेरून मिळत असताना ग्रंथी कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात, गोळी अचानक थांबली तर शरीराकडे काहीच उरत नाही आणि जिवावर बेतू शकतं.

"टेन्शन घेऊ नका" म्हणण्यापेक्षा एखाद्या रात्री बाकावर माझ्या जागी बसा, त्याने खरंच फरक पडेल.

गेल्या भेटीत मी तिसाच्या आसपास खूण केली. आई आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येते. सकाळची दुधाची पिशवी तीच कापते.