तबलजी कोण?

माझ्याकडच्या एका छोट्या तबकडीच्या लेबलवर निळ्या बॉलपेनाने ‘वांडा’ असं लिहिलेलं आहे. कुणाच्या तरी घरी नाचगाण्याची पार्टी झाली असणार, प्रत्येकीने आपापल्या तबकड्या नेल्या असणार, आणि परत येताना अदलाबदल नको म्हणून वांडाबाईंनी नाव टाकलं असणार. आपल्याकडे स्टीलच्या डब्यांवर, पातेल्यांवर नाव घालून घेत, तसंच. रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या बाजारात मात्र हा डाग समजतात. वर्णनात ‘लेबलवर लिखाण’ एवढे दोन शब्द आले की किंमत उतरते. म्हणून ती मला चार डॉलरला मिळाली. वांडाबाईंचे उपकार.

कंपनीच्या कामासाठी २०१४ मध्ये मी सिनसिनाटीला गेले ती चौदा महिने राहिले. ओहायो नदीकाठचं गाव, थंडी मरणाची, आणि ओळखीचं कुणी नाही. भाड्याच्या घरापासून चालत जाण्याजोगं एक जुन्या रेकॉर्डचं दुकान होतं आणि त्यात हीटर जोरात चालायचा. सोल आणि फंक या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचं मला जे वेड लागलं, त्याचा उगम त्या हीटरपाशी आहे.

दुकानात भिंतीला लागून खोकी मांडलेली असत आणि त्यांत मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या सात इंची तबकड्या उभ्या रचलेल्या. मोठं भोक असलेल्या. आमच्या घरच्या भजनांच्या छोट्या रेकॉर्डना बारीक भोक होतं. इथे मधे प्लास्टिकची पिवळी चकती बसवल्याशिवाय ती प्लेअरवर बसतच नाही. एकेक तबकडी बोटाने पुढे ढकलत जायचं. तासाभराने बोटांची टोकं काळी होतात आणि चहाची आठवण येते. दुकानदारांनी मला नखाने टिचकी मारून बघायला शिकवलं. विनाइल मुकं असतं. स्टायरीन या कडक प्लास्टिकची तबकडी कपासारखी टणकन वाजते, आणि ती लवकर झिजते, म्हणून जपून घ्यायची. माठ घेताना आई अशीच टिचकी मारायची, त्यामुळे ही विद्या मला पटकन जमली.

याच गावात, इव्हान्स्टन भागातल्या ब्रूस्टर अव्हेन्यूवर, किंग रेकॉर्ड्सची इमारत आहे. सिड नेथन नावाच्या गृहस्थाने १९४३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. ध्वनिमुद्रण इथेच, तबकड्या दाबून काढणं इथेच, कव्हरची छपाई इथेच, आणि ट्रकही इथूनच भरायचा. पापड लाटून, वाळवून, पुडे बांधून एकाच अंगणातून विकावेत, तसा कारभार. मी गेले तेव्हा इमारत बंद होती, बाहेर एक माहितीफलक, शेजारून हायवे. एका रविवारी मी तिथे पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी पुढच्या रविवारी परत गेले.

कारण वांडाबाईंची ती तबकडी तिथली आहे. गायक जेम्स ब्राऊनचं ‘फंकी ड्रमर’, २० नोव्हेंबर १९६९ ला याच शहरात ध्वनिमुद्रित झालेलं. १९७० मध्ये बाजारात आलं तेव्हा छोट्या तबकडीवर मावेना, म्हणून मधेच कापून एका बाजूला भाग पहिला, दुसऱ्या बाजूला भाग दुसरा.

सोल आणि फंक यांत फरक काय, असं मला आमच्या गृहसंकुलात अनेकदा विचारतात (खरं तर दोनदाच विचारलंय). सोल चर्चमधून आलं. त्यात गाणारा जीव तोडून गातो आणि बाकीचे त्याला पडू देत नाहीत. फंकमध्ये सूर मागे बसतो आणि लय पुढे येते. तिघींनी एकाच उखळात कांडायला घ्यावं आणि मुसळाला मुसळ लागू नये, तसं. गिटार जिथे थांबते तिथे बास, बास थांबतो तिथे ड्रम. एकट्याचं वाजवणं वेगळं काढून ऐकलं तर अगदी साधं वाटतं. एकत्र ऐकलं की पाय जागेवर राहत नाही.

जेम्स ब्राऊनचा आपल्या वादकांना आग्रह असे तो ‘वन’चा, म्हणजे पहिल्या मात्रेचा. तोवरच्या गाण्यांत ठोक्याचं वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असायचं. याने ते पहिल्या मात्रेवर आणलं. मधे काय हवं ते करा, पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र पडलं पाहिजे. सिनसिनाटीचाच बूट्सी कॉलिन्स १९७० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याच्या बँडमध्ये बास वाजवायला गेला आणि हा धडा घेऊनच पुढे नावारूपाला आला. वाचताना मला वाटलं, हे तर आपण लहानपणापासून ऐकतोय. पण मी पडले कानसेन. खात्रीच्या माणसाला विचारायला हवं होतं.

खात्रीचा माणूस डोंबिवलीला होता. आमचे नाना रेल्वेतून निवृत्त झालेत आणि चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवताहेत. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी प्लेअर लावला, पिवळी चकती बसवली, सुई टेकवली. नाना पेपर वाचत होते. आधी पेपर खाली आला, मग चष्मा, मग उजवा हात मांडीवर पडायला लागला.

“दर आवर्तनाला सम,” ते म्हणाले. “खाली कुठाय?”

“नाही खाली, नाना.”

“म्हणजे हा माणूस श्वास घेतच नाही?”

तेवढ्यात पहिला भाग संपला. संपला म्हणजे आवाज हळूहळू विरत गेला, वाजवणारे वाजवतच राहिले. नाना संतापले. “हे काय? समेवर आणून सोडायला नको? जेवताना पानावरून उठवल्यासारखं केलं.” मी तबकडी उलटली. दुसरा भागही तसाच विरला. मग मोबाइलवर अख्खं गाणं लावलं, नऊ मिनिटांचं. ते तसं सलग १९८६ मध्ये एका संग्रहात निघालं. त्यात एका जागी जेम्स ब्राऊन ड्रमवाल्याला सांगतो की बाबा, तुला सोलो वगैरे वाजवायचं नाही, आहे तेच धरून ठेव. मग बाकीच्यांना गप्प करतो, चार आकडे मोजतो, आणि काही आवर्तनं नुसता ड्रम. मी नानांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. “बरोबर सांगतोय. ठेका धरणाऱ्याने ठेकाच धरावा.” मग मधल्या बारीक, कानाला जेमतेम लागणाऱ्या ठोक्यांकडे बोट करून, म्हणजे हवेत बोट करून, म्हणाले, “हे बघ, हे भरतोय ना, ते अवघड आहे. तबलजी कोण?”

मी लेबल पाहिलं. जेम्स ब्राऊनचं नाव गायक म्हणून होतं, गीतकार म्हणून होतं, वांडाचंही होतं. गाण्याचं नावच ‘ड्रमर’, आणि ड्रमरचं नाव नाही.

तो क्लाइड स्टबलफील्ड. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा. तिथल्या कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या आवाजांवरून ठेके बसवत शिकलेला. त्याच्या त्या काही आवर्तनांचे तुकडे उचलून पुढे हजाराहून जास्त गाणी बेतली गेली. गीतकाराच्या जागी नाव नसल्यामुळे हक्काचा पैसा त्याला मिळाला नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला तो स्थायिक झाला आणि सोमवारी रात्री तिथल्या क्लबात वाजवत राहिला. कॅन्सर झाला तेव्हा प्रिन्स या गायकाने गाजावाजा न करता त्याची मोठी बिलं भरली. २०१७ मध्ये तो गेला.

नानांना हे फारसं नवं वाटलं नाही. आमच्याकडच्या जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर संगीतकार, गायक, गीतकार सगळे असतात. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन धरून बसलेले गोव्याचे लोक नसतात. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा कितीजणांना माहीत आहेत? अँथनी गोन्साल्विस यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये गुरूचं नाव थेट गाण्याच्या मुखड्यातच पोचवलं.

डेट्रॉईटच्या मोटाउनची तऱ्हा तीच. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ मध्ये काढलेली कंपनी. तिच्या हिट गाण्यांमागे ‘फंक ब्रदर्स’ नावाचा वादकांचा एकच ताफा होता आणि त्यांची नावं कव्हरवर येत नसत. बास वाजवणारा जेम्स जेमरसन एकाच बोटाने तारा छेडायचा. १९७१ मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या कव्हरवर अखेर नावं छापली गेली, जेमरसनच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण लावून. आणि १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा अतुलनीय माणूस काळ्या बाजारात तिकीट घेऊन प्रेक्षकांत मागे बसला होता. त्याच वर्षी तो वारला. ही गोष्ट मला कधीच धड सांगता येत नाही. नानांना सांगतानाही आली नाही, म्हणून मी विषय बदलला.

विषय बदलायला लेबलांचेच किस्से होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ च्या सुमाराला कूल हर्क नावाचा पोरगा पार्ट्यांत रेकॉर्ड लावायचा. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा तो दोन प्रती आलटून-पालटून लांबवत न्यायचा. कोणती रेकॉर्ड आहे ते दुसऱ्यांना कळू नये म्हणून तो तबकड्या पाण्यात भिजवून लेबलं काढून टाकायचा. सल्ला वडिलांचा. (“हुशार बाप,” इति नाना.) तिकडे इंग्लंडच्या उत्तरेला, विगन कसिनो नावाच्या नाचघरात, गिरण्या-कारखान्यांतली पोरं रात्रभर नाचायची ती अमेरिकेत कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या सोलच्या तबकड्यांवर. तिथले डीजे लेबलावर दुसऱ्याच गायकाचं नाव चिकटवत. त्या वेडापायी मोटाउनच्या फ्रँक विल्सनच्या एका तबकडीला २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किंमत आली. मूळ प्रती बाजारात येण्याआधीच नष्ट केल्या होत्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

“तिच्यावर कुणी नाव घातलं असतं तर?” नानांनी विचारलं.

“किंमत पडली असती.”

“आणि हिच्यावर आधीच आहे ना एक?”

मी हो म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले. ती चूक झाली. बाहेर आले तर नानांनी खिशातलं पेन काढलेलं, तबकडी मांडीवर. लेबलावर, वांडाच्या बरोबर समोरच्या बाजूला, भजनी मंडळाच्या हजेरीवहीत लिहितात त्या ठळक अक्षरात: ‘साथ – क्लाइड स्टबलफील्ड’. ‘फी’ जरा फिसकटला होता. शाई वाळावी म्हणून ते त्यावर फुंकर घालत होते.

“उलटी बाजू राहिलीय,” ते म्हणाले. “कप तिकडे ठेव.”