पांढरी रेघ

शुक्रवारी दुपारी अडीच ते सहा मला फोन करायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. त्या साडेतीन तासांत मी सुट्टीवर आलेल्या माणसांना भाड्याची बोट चालवायला शिकवत असतो.

आमचा धक्का इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, ट्रोब्रिजजवळ, केनेट अँड एव्हन कालव्यावर. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंतचा हा ८७ मैलांचा जलमार्ग १८१० साली पूर्ण झाला तो माल वाहायला. घोडा काठाने चालायचा आणि दोरीने बोट ओढायचा. मग रेल्वे आली, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला, आणि तो हळूहळू गाळात गेला. पुढे स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून तो वर काढला, १९९० साली राणीने येऊन पुन्हा खुला केला. पूर्वी त्यावर कोळसा जायचा, आता सुट्ट्या जातात. शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार, तीन-चार दिवसांची सहल.

बोट चालवायला लायसन्स लागत नाही. आपल्याकडे लुना चालवायला लागतं, इथे अठरा मीटर लांबीची, सतराएक टन वजनाची लोखंडी बोट पाऊण तासाच्या शिकवणीवर हातात मिळते. गॅस कुठे बंद करायचा, टाकीत पाणी कसं भरायचं, संडासात काय टाकायचं नाही, रोज सकाळी ग्रीसची पितळी मूठ किती फिरवायची. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. बोट आणि भिंतीच्या मध्ये हातपाय घालायचे नाहीत. वेग ताशी चार मैलांच्या वर नाही. आणि शेवटी लॉक, म्हणजे बोट वर चढवायचा किंवा खाली उतरवायचा दारांचा हौद. सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि तिथे पोचेपर्यंत लोकांचं अर्धं लक्ष फ्रिजकडे गेलेलं असतं.

मी इथे कसा, हे सगळेच विचारतात. बायको बाथच्या हॉस्पिटलात नर्स आहे, मी तिच्या मागे आलो. त्याआधी इंदापूरला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये होतो. मुलाखतीला गेलो तेव्हा मालकाने बोटीच्या इंजिनावरची फळी उचलली, तर आत कुबोटाचं डिझेल इंजिन. रंग तेवढा वेगळा. मी काही न बोलता डिपस्टिक ओढली. नोकरी तिथेच पक्की झाली.

कालवाही मला नवा नव्हता. आमचे अण्णा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. तोही इंग्रजांनीच बांधलेला, पण शेतीसाठी. लहानपणी रात्रीच्या पाळीला त्यांच्याबरोबर कंदील धरून मी दारं उघडायला गेलेलो आहे. त्यांना पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर लॉक दाखवलं तेव्हा ते मन लावून बघत होते. दोन बाजूंना दारं, मध्ये दगडी हौद, हौदात बोट. खालच्या दारांतल्या झडपा, म्हणजे पॅडल, उघडली की पाणी खाली जातं, बोट पाण्याबरोबर उतरते, मग दार उघडून पुढे. अण्णांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन् ते पाणी कुनाच्या रानात जातं?"

कुणाच्याच नाही, म्हटलं. खालच्या टप्प्यात जातं.

"किती जातं एका बारीला?"

आमच्याकडची लॉक रुंद आहेत, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. बावीस मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, अडीच मीटरच्या आसपास उतार. गुणाकार केला तर जवळजवळ अडीच लाख लिटर.

अण्णा थोडा वेळ गप्प. "म्हंजे एकराचं एक पानी," ते म्हणाले. "एका बोटीला." मी त्यांना सांगितलं की वरच्या अंगाला डिव्हायझेसला ओळीने एकोणतीस लॉक आहेत, आणि तिथे १९९६ मध्ये बसवलेला पंप आहे, तो दिवसाला सत्तर लाख गॅलन, म्हणजे तीन कोटींहून जास्त लिटर पाणी परत डोंगरावर चढवतो. ते हसले नाहीत. "बरं हाय बाबा त्यांचं," एवढंच.

तर, सप्टेंबरमधला शुक्रवार. पाऊस. एक सहकारी आजारी, त्यामुळे माझ्या वाट्याला तीन बोटी. तिसरी बोट एका कुटुंबाची होती: नवरा-बायको, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, आणि बायकोची आई. आजीबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता, त्यासाठीच सहल. मी पोचलो तेव्हा त्यांना तासभर ताटकळून झालं होतं. नवरा म्हणाला, आम्ही पूर्वी एकदा बोट घेतली होती, आम्हाला येतं सगळं. असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुप्पट वेळ द्यायचा असतो, हे मला माहीत आहे. मी अर्धा दिला.

त्यांना बाथकडे जायचं नव्हतं. बहुतेक वीकेंडवाले तिकडेच जातात, कारण ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं एक लॉक उतरलं की थेट बाथपर्यंत एकही लॉक नाही. यांना मुलासाठी लॉकच हवी होती. म्हणून पूर्वेला: सेमिंग्टनची दोन, सींडची पाच, डिव्हायझेसच्या पायथ्याशी बोट वळवायची, आणि तीच सात लॉक उतरून परत.

वर चढताना फारसा धोका नसतो. उतरताना असतो. लॉकच्या वरच्या दारांखाली एक दगडी पायरी असते, तिला सिल म्हणतात. आपला उंबरठाच तो. हौद भरलेला असताना ती पाण्याखाली असते, दिसत नाही. पाणी उतरू लागलं की उघडी पडते. बोटीचं शेपूट तिच्यावर असेल तर शेपूट तिथेच टेकतं आणि नाक पाण्याबरोबर खाली जातं. म्हणून लॉकच्या काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचा मागचा भाग तिच्या पुढे ठेवायचा. आणि पुढे जास्त गेलात तर नाक खालच्या दारांत अडकतं, ते वेगळंच. दोन्हीच्या मधल्या जागेत बोट राखायची, एवढी साधी गोष्ट.

सांगायची वेळ आली तेव्हा मी त्या माणसाला म्हणालो, "उतरताना नाक दारापासून लांब ठेवा, गरज पडली तर थोडं रिव्हर्स द्या." तेवढ्यात मुलाने हीटरबद्दल काहीतरी विचारलं. ते दाखवलं. सगळं सांगितलं, समजलं, अशी कागदावर सही घेतली. मग इंजिन चालू करून काठावर उडी मारली आणि तिथून ओरडलो, "आणि पांढऱ्या रेघेच्या पुढे राहा!" त्याने हसून हात हलवला. पुढे राहा म्हणजे कोण, बोटीचा कुठला भाग, का, हे इंजिनाच्या आवाजात त्याने काय ऐकलं असेल देव जाणे. तेव्हा मला काही वाटलं नाही. सहा वाजले होते, घरी जायचं होतं.

रविवारी साडेअकराला आमच्याच दुसऱ्या एका बोटीचा फोन आला, पंख्यात काहीतरी गुंतलंय, सींडला लॉकच्या खाली अडकलोय. व्हॅन घेऊन गेलो. बोटीच्या मागच्या बाजूला एक झाकण असतं, वीड हॅच, ते उघडून थेट पाण्यात हात घालून पंखा साफ करायचा. इंजिनाची चावी आधी आपल्या खिशात घालायची, हा माझा नियम, कारण दहा बोटं मला अजून लागणार आहेत. त्या दिवशी अख्खी गादीची खोळ निघाली. मी ती कापून ओढत होतो, हात खांद्यापर्यंत गारठलेले, आणि वरच्या लॉकमधून भांडी पडल्याचा आवाज आला.

एखादी बशी पडली की कळतं. हा कपाटच रिकामं झाल्याचा आवाज होता.

मी धावलो. पन्नास-साठ पावलं असतील, चढ आहे तिथे. वर पोचलो तर आमची शुक्रवारची तिसरी बोट. शेपूट उंबरठ्यावर चढलेलं, बोट पुढे उतरती झालेली, नवरा टिलरला लटकून उभा. नाक अजून बुडालं नव्हतं, पण पुढच्या बैठकीची कड आणि पाणी यांत हातभर अंतर उरलं असेल. ती कड बुडली की पाणी पुढच्या दारातून थेट खोलीत शिरतं, आणि मग काही सेकंदांचं काम. बायको आणि मुलगा दोन दारांवर दोन बाजूंना, दोन्ही पॅडल पूर्ण उघडी. ती दोघं नवऱ्याकडे बघत होती, नवरा त्यांच्याकडे.

या वेळी करायचं काय ते ठरलेलं आहे: आधी खालची पॅडल बंद, मग वरची हळू उघडून हौद परत भरायचा. सांगायला एक ओळ. मी जवळच्या दारावर गेलो, बायकोच्या हातातलं विंडलस घेतलं. विंडलस म्हणजे पॅडल फिरवायचं वाकडं हँडल. एरवी पॅडल फिरवत खाली न्यायचं असतं, पण मी खिट्टी उचलली आणि सोडून दिलं. धाडकन पडलं. पलीकडच्या मुलाला ओरडलो, "खिट्टी उचल! सोड!" त्याने उचलली. पॅडल पडलं, आणि दचकून त्याचं विंडलस हातातून सुटलं, ते गेलं पाण्यात.

पाणी थांबलं. बोट कण्हल्यासारखी वाजत होती. लोखंड दगडावर घासलं की तसा आवाज येतो.

"आत कुणी आहे का?" मी विचारलं.

बायकोने तोंडावर हात धरला. आई आत होती.

मी वरच्या दारांकडे गेलो. तिथेही घाई करता येत नाही. दारातली पॅडल उघडली तर पाण्याचा झोत मागून बोटीवरच पडतो. म्हणून जमिनीतली, बाजूच्या भुयारातून पाणी सोडणारी पॅडल उघडायची, तीही एकेक दात. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला पाणी हळू सोडायचं होतं. अण्णांच्या वेळी शेवटच्या चारीपर्यंत ते लवकर पोचावं म्हणून आम्ही धडपडायचो. चार दात उघडले आणि थांबलो. मग आणखी तीन. मुलगा न सांगता पलीकडच्या पॅडलपाशी गेला, आणि हातात विंडलस नाही हे लक्षात येऊन तसाच उभा राहिला.

नाक वर येऊ लागलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. मग शेपूट उंबरठ्यावरून सुटलं, धप्पकन, आणि बोट दोन्ही बाजूंना डुलली. बायको किंचाळली. आतून मागचं दार उघडलं आणि आजीबाई बाहेर आल्या. एका हातात किटली, अंगावर सगळीकडे साखर.

"चहा केलाय," त्या म्हणाल्या. "पण कप राहिले नाहीत."

कुणीच हसलं नाही. मुलगा तेवढा हसला, आणि मग रडला.

नुकसान म्हणाल तर कमी. बारा बश्या, सगळे कप, पुढच्या बैठकीत ओंजळभर पाणी. सुकाणू मात्र खालच्या वाटीतून निसटलं होतं. सिलवर अडकलेल्या बोटीचं हे नेहमीचंच. बोट हाताने ओढत लॉकच्या बाहेर, वरच्या अंगाला काठाला घेतली, आणि मी व नवरा मिळून सुकाणू उचलून परत वाटीत बसवायला लागलो. तासभर गेला. कंबरेत वाकून, गार पाण्यात हात घालून, दोघं जवळजवळ एकमेकांना टेकून काम करत होतो. तो सारखं माफी मागत होता.

"तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला. "नाक दाराला लागू देऊ नका म्हणून. मी सारखं रिव्हर्स देत राहिलो. जास्त झालं असेल."

त्याने माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. मी सांगितलेलं अर्धं वाक्य.

मी लगेच काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मनात आलं की सही आहे, आणि तोही स्वतःलाच दोष देतोय, तर राहू दे. सुकाणू वाटीत बसलं, टिलर मोकळा फिरला, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने माझं गप्प राहणं अवघड झालं. म्हटलं, "मी रेघेचं तुम्हाला नीट सांगितलं नाही. ओरडून सांगितलं, ते तुम्हाला कळलं नसणार." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, पुढच्या टोकाबद्दल म्हणताय." आणि बोट पुसायला आत गेला. तो दिवसभर माझ्याशी फारसं बोलला नाही, ते बरोबरच होतं.

उरलेली लॉक मी त्यांच्याबरोबर उतरलो. प्रत्येक ठिकाणी मुलगा रेघेवर उभा राहायचा आणि हात वर करून बापाला सांगायचा, अजून एक फूट पुढे. चौथ्या लॉकला त्याला माझी गरज उरली नव्हती.

संध्याकाळी मालकाला फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सही आहे ना?" म्हटलं, आहे. "मग अहवालात बाकीचं कशाला?" मी लिहिलं तरी. काही झालं नाही, कुणी ओरडलं नाही. पुढच्या शुक्रवारी मला तीनाऐवजी दोन बोटी दिल्या, एवढंच.

अण्णांना रात्री सांगितलं. त्यांनी म्हातारीची चौकशी केली, मुलाची केली. मग म्हणाले, "म्हंजे भरलेलं खाली सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं."

हो, म्हटलं.

"दोन एकर," अण्णा म्हणाले.

हरवलेल्या विंडलसचं राहिलं. कालव्याच्या या टप्प्यावर बोटीतच राहणारी पुष्कळ माणसं आहेत, दर चौदा दिवसांनी त्यांना जागा बदलावी लागते. त्यांतल्या एकाकडे दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक आहे. पुढच्या आठवड्यात तो माझ्याबरोबर त्या लॉकवर आला आणि अर्धा तास हौदात चुंबक फिरवत राहिला. तीन विंडलस निघाली. आमचं एकही नव्हतं.