आधी बाटली, मग पाणी

२०१५ च्या सिंहस्थात मी नाशिकला पंचवटीत स्वयंसेवक होतो. पर्वणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रामकुंडाच्या पायऱ्यांवर दोन बायका गोण्या घेऊन रिकाम्या बाटल्या वेचत होत्या. बाटली उचलायची, झाकण काढायचे, उरलेले पाणी ओतायचे, पायाखाली चपटी करायची आणि गोणीत टाकायची, असे त्यांचे काम न बोलता चालले होते. एकीला मी विचारले, "मावशी, पुढे काय होतं याचं?" तिने वर न बघताच सांगितले, "भंगारात देतो दादा, किलोवर." पुढे आठ वर्षांनी, २०२३ मध्ये, पॅकेजिंगच्या कारखान्यातील नोकरी सोडून मी बाटलीबंद पाण्याचा व्यवसाय उभा करायचे ठरवले, तेव्हा डोक्यात ती गोणी होती. जुन्या बाटल्या विकत घ्यायच्या, त्यांचे तुकडे करायचे आणि त्यातूनच नव्या बाटल्या फुगवायच्या, इतकी सोपी माझी कल्पना होती. या कल्पनेतील जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची निघाली. ती कशी दुरुस्त होत गेली, हे पुढे सांगतो.

आधी पाण्याविषयी. दिंडोरी रस्त्याला, म्हसरूळच्या पुढे, एका ओळखीच्या बागायतदाराचा गाळा आणि त्यामागची बोअर भाड्याने मिळत होती. गाळा ठरवण्यापूर्वी भूजलाची स्थिती पाहून घेतली, हे बरे झाले. कारण २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अतिशोषित गणलेल्या भागात बाटलीबंद पाण्याच्या नव्या कारखान्याला, तो लघुउद्योग असला तरी, भूजल उपशाची परवानगी मिळत नाही. आमचा भाग त्या यादीत नव्हता. एप्रिलमध्ये पाण्याचा नमुना तपासला, तेव्हा नायट्रेट लिटरला ६१ मिलिग्रॅम आले, मर्यादा आहे ४५. क्षार जास्त होतेच, पण आरओने दोन्ही आटोक्यात येणार होते, त्यामुळे मी निर्धास्त झालो. "औषधाचं बघितलं का?" असे गाळामालकाने विचारले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. आमच्याकडे द्राक्षबागेवरच्या कीडनाशकाला सगळे औषधच म्हणतात. उन्हाळ्यातल्या नमुन्यात औषधाचा अंश सापडला नव्हता. गोडी, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या, त्या हंगामात घेतलेल्या नमुन्यात तो सापडला. बाटलीबंद पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाचे प्रमाण लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा आणि सगळ्यांचे मिळून ०.०००५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून आरओच्या आधी सक्रिय कोळशाची टाकी दुप्पट केली आणि कोळसा बदलण्याची तारीख छाटणीच्या वेळापत्रकाशी बांधली. शेजारच्या बागेत कात्री चालू झाली की आमच्याकडे कोळशाची पोती उतरतात.

कर्जाचा प्रसंग मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच कारणाने अडला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी मी प्रकल्प अहवाल दिला आणि त्यात अभिमानाने लिहिले की, आम्ही पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या तयार करणार. अहवाल परत आला. त्या योजनेतून वगळलेल्या उद्योगांच्या यादीत, खाद्यपदार्थ साठवण्यासाठी पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकची भांडी बनवणे हे स्पष्ट शब्दांत आहे. ज्या गोष्टीमुळे आपल्याला शाबासकी मिळेल असे वाटत होते, तीच अपात्रतेचे कारण ठरली. चिडून उपयोग नव्हता. यादी तयार झाली तेव्हा असे प्लास्टिक अन्नासाठी वापरायलाच बंदी होती, आणि त्या बंदीलाही अर्थ होता. मी त्या योजनेचा नाद सोडला, गाळामालकालाच भागीदार करून घेतले आणि उरलेल्या रकमेसाठी साधे मुदत कर्ज काढले.

आता बाटलीकडे येतो. लिंक रोडवरच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे मी आठवडाभर रोज जाऊन बसलो. त्याच्याकडे पेटच्या (पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या बनतात, ते पेट) बाटल्यांचे ढीग येत, आणि त्याचा माणूस गोणी उघडली की आधी वास घेई. काही बाटल्या तो बाजूला फेकत होता. मी एक उचलून झाकण उघडले. आत तळाशी पिवळसर थेंब होता आणि वास ओळखीचा होता, छाटणीनंतर सगळ्या शिवारात येतो तोच. शेतकरी उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतात. कोणी रॉकेल ठेवतो, कोणी फिनेल. पेट असे पदार्थ थोडेसे शोषून घेते, आणि साध्या धुण्याने ते निघत नाहीत. ज्याच्यासाठी मी पाण्यात कोळसा दुप्पट केला, तेच बाटलीच्या भिंतीतून पुन्हा पाण्यात उतरले असते. माझी मूळ कल्पना त्या ढिगाजवळ संपली.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, नियम त्यानंतर नीट वाचले. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत खाद्यपदार्थांसाठी पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरायला मनाई होती. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दार उघडले आणि पेटसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. परवानगी बाटलीला किंवा पाणी भरणाऱ्याला मिळत नाही. ती ज्या कारखान्यात जुन्या पेटपासून दाणे, म्हणजे रेझिन, तयार होते, त्या कारखान्याच्या प्रक्रियेला मिळते. तेथे तुकडे गरम पाण्यात कॉस्टिकने धुतले जातात, पाण्याच्या टाकीत पेट तळाला बसते आणि झाकणांचे हलके प्लास्टिक वर तरंगते, आणि मग दाणे सुमारे २०० अंश सेल्सिअसला निर्वात टाकीत काही तास ठेवले जातात. त्या तापमानाला शोषलेले पदार्थ बाहेर पडतात आणि प्लास्टिकच्या रेणूंच्या तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडल्या जाऊन प्लास्टिकची ताकदही परत येते. ही प्रक्रिया खरोखर स्वच्छ करते की नाही हे पाहण्यासाठी मुद्दाम दूषित केलेले तुकडे तिच्यातून काढून शेवटी काय उरते ते मोजावे लागते. माझ्यासारख्या गाळ्यातील माणसाच्या आवाक्यातील हे काम नव्हते. त्यामुळे साखळी अशी ठरली: परवानगी असलेल्या कारखान्याचे दाणे, त्यांचे प्रीफॉर्म, म्हणजे फुगवून बाटली होते त्या जाड नळ्या, बनवणारा दुसरा कारखाना, आणि ते प्रीफॉर्म फुगवून पाणी भरणारे आम्ही.

ही साखळी कागदावर जोडून ठेवणे हे या व्यवसायातील सगळ्यात किचकट काम आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पहिल्या पुरवठादाराने माल स्वस्त दिला आणि सोबत परवानगीपत्राची झेरॉक्सही दिली. पत्र खरे होते, पण ते ज्या रेझिनचे होते त्या बॅचचा क्रमांक आमच्या बिलावर कुठेच नव्हता, आणि मध्ये एक व्यापारी होता ज्याचा कोणत्याही कागदावर उल्लेख नव्हता. फोन केला तर उत्तर आले, "साहेब, एवढं कोण बघतं?" मी माल परत पाठवला आणि त्यामुळे आमची यंत्रे महिनाभर झाकून राहिली. दुसऱ्या पुरवठादाराने प्रत्येक खेपेसोबत रेझिनचा बॅच क्रमांक आणि स्थलांतर चाचणीचा, म्हणजे प्लास्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो याचा, अहवाल द्यायचे मान्य केले. एकूण स्थलांतराची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. ते अहवाल आम्ही पाण्याच्या अहवालांच्याच फाइलीत लावतो.

आमच्या एक लिटरच्या प्रीफॉर्मचे वजन २० ग्रॅम आहे आणि त्यात ३० टक्के जुने पेट आहे. म्हणजे एवढा सगळा खटाटोप बाटलीमागे ६ ग्रॅमसाठी. ३० हा आकडा मी मनाने धरलेला नाही. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०२२ च्या नियमांनी कठीण प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्प्रक्रिया केलेला भाग बंधनकारक केला आणि तो टप्प्याटप्प्याने २०२८-२९ पर्यंत ६० वर नेला आहे. गंमत अशी की खाद्यदर्जाचे जुने पेट नव्या पेटपेक्षा महाग पडते, कारण नव्याची किंमत कच्च्या तेलाबरोबर खाली येते आणि गोळा करणे, निवडणे, धुणे यांचा खर्च काही खाली येत नाही.

यंत्रावर हे प्रीफॉर्म चढवले तेव्हा पहिल्या दिवशी चारशेहून अधिक बाटल्या वाया गेल्या. प्रत्येकीच्या तळाजवळ दुधाळ पट्टा येत होता. जुने पेट किंचित गडद असल्याने ते अवरक्त दिव्यांची उष्णता जास्त शोषते, आणि प्रमाणाबाहेर तापलेले पेट स्फटिक धरून पांढुरके होते. यंत्राचा कारागीर अनुभवी होता. त्याने खालच्या दोन दिव्यांचा जोर उतरवला, एक बाटली काढली, खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरली, पुन्हा उतरवला. सहाव्या खेपेला पट्टा गेला. ती मांडणी त्याने यंत्राच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे आणि ती पुसायची कोणाला परवानगी नाही.

परवान्यांचे थोडक्यात सांगतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, एफएसएसएआयचा परवाना, वजनमापे, आणि ब्रँडमालक म्हणून आपल्या प्लास्टिकच्या कचऱ्याच्या जबाबदारीची नोंदणी, ही कामे वेळ खातात पण सरळ आहेत. आयएस १४५४३ या मानकाप्रमाणे आम्ही प्रयोगशाळा उभारली, रसायनतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ नेमले, आणि आयएसआय चिन्हाची प्रक्रिया अर्ध्यावर असताना ऑक्टोबर २०२४ मध्ये ते चिन्ह बाटलीबंद पाण्यासाठी सक्तीचे राहिले नाही. पुढच्याच महिन्यात हे पाणी जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांत टाकले गेले आणि तपासण्या वाढल्या. खर्च वाचवण्यासाठी प्रयोगशाळा बंद करावी, असे भागीदाराचे म्हणणे होते. ती ठेवली, आणि दोन महिन्यांत तिने आमची लाज राखली. आमच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ ताई एका सकाळी काचेची बशी घेऊन आल्या. त्यात हिरवट ठिपके होते. २५० मिलिलिटर पाण्यात स्युडोमोनस हा जिवाणू एकही चालत नाही. टाक्या, गाळण्या, ओझोन सगळे तपासले आणि शेवटी दोष निघाला एका रबरी नळीत, जी टाकी धुतल्यावर ओलीच गुंडाळून ठेवली जात होती. भरलेल्या एकशे दहा पेट्या आम्ही स्वतः फोडून ओतल्या. ताईंनी ती नळी कापून तिचा एक तुकडा काउंटरवर ठेवला आहे.

विक्रीला सुरुवात झाल्यावर जो प्रश्न आला, तो मात्र कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता. कॉलेज रोडवरच्या एका हॉटेलमालकाने लेबल वाचले आणि बाटली माझ्यापुढे सरकवून विचारले, "म्हणजे उष्टी बाटली का?" मी प्रक्रिया, तापमान, चाचण्या सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण गिऱ्हाईक वाचणार आणि तोंड वाकडं करणार." आमचा वितरकही तेच म्हणत होता, "शेठ, ते वाक्य काढा, माल दुप्पट जाईल." आम्ही वाक्य काढले नाही, पण बदलले. आधी 'जुन्या बाटल्यांपासून' असे होते. आता 'बाटलीतील ३० टक्के प्लास्टिक वितळवून पुन्हा घडवलेले' असे आहे. वितळवणे हा शब्द आला की उष्ट्याचा प्रश्न निम्म्या लोकांच्या मनातून जातो, असा माझा अनुभव आहे. सोन्याचे दागिने आटवतात तसे, असे एका वयस्कर किराणा दुकानदाराने मला समजावून सांगितले, आणि ते उदाहरण मी तेव्हापासून उसने घेतले आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. ग्राहकाला फायदा झाला, आमच्याकडे मात्र वेगळी अडचण आली: प्रीफॉर्मवर अजूनही १८ टक्के भरावे लागतात, त्यामुळे भरलेला कर विक्रीतून वळता होत नाही आणि परताव्याचे अर्ज करत राहावे लागते. त्याने खेळते भांडवल अडकते. नव्याने उतरणाऱ्याने ही रक्कम हिशेबात आधीच धरावी.

गोणीचे काय झाले, हे मला ओळखीचे लोक विचारतात. रामकुंडावरच्या बाटल्या आम्ही थेट घेऊ शकत नाही. लिंक रोडच्या त्याच व्यापाऱ्याकडून निवडलेल्या बाटल्यांचे गठ्ठे परवानगी असलेल्या कारखान्याकडे जातात, आणि त्याचा माणूस अजूनही गोणी उघडली की आधी वास घेतो. त्याच्या सांगण्यावरून आम्ही बाटलीवरचे आवळते पीव्हीसी वेष्टन बंद करून साधे, पाण्यात सुटणाऱ्या डिंकाचे लेबल लावतो. पीव्हीसीचा एक तुकडा जरी पेटमध्ये वितळला तरी सगळ्या घाण्यात तपकिरी ठिपके उठतात.

आता ५० टक्क्यांचे नमुना-प्रीफॉर्म आले आहेत. उजेडाला धरले तर किंचित राखाडी दिसतात. कारागिराने दारावरच्या जुन्या आकड्यांच्या शेजारी खडूने नवी रेघ मारून जागा ठेवली आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, आणि त्याआधी त्या जागेत आकडे बसवायचे आहेत.