चाळिसावं पुस्तक

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी, कल्पनारम्य मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. त्यातली एक मला आवडत नाही. नुसती इतरांपेक्षा कमी आवडते असं नाही, आवडतच नाही. ती म्हणजे २०१३ साली आलेली, मालिकेतली चाळिसावी, 'रेझिंग स्टीम'. आजवर ती तीनदा वाचली. दर वेळी वाटलं, मागच्या खेपेला आपलंच मन थाऱ्यावर नसेल. तिसऱ्यांदा मिटली तेव्हा मात्र ठरवलं की आता हे लिहून काढायचं. पुढे कथानक उघड होणार आहे. ज्यांना आधी पुस्तक वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.

गोष्ट साधी आहे. कासवाच्या पाठीवर चार दिग्गज आणि त्यांच्या पाठीवर तोललेलं चपटं जग, त्या जगात आगगाडी येते. डिक सिम्नेल नावाचा तरुण वाफेचं इंजिन बनवतो. शहरभरचा मैला उपसून गबर झालेला हॅरी किंग त्यात पैसा घालतो, कारण आपल्या नावामागे जरा बऱ्या वासाचं काही उरावं अशी त्याची इच्छा आहे. ही दोन्ही माणसं मला मनापासून आवडतात. सिम्नेलच्या खिशातली गणिताची सरकपट्टी, आकडा जुळल्याखेरीज चाक न फिरवण्याचा त्याचा हट्ट, हे सगळं छान आहे. माझा धाकटा भाऊ इंजिनिअर आहे आणि मालिकेतलं त्याचं सगळ्यात लाडकं पुस्तक नेमकं हेच. त्यामुळे आमच्यात यावरून दहा वर्षं वाद चालू आहे.

माझी पहिली तक्रार मॉइस्ट फॉन लिपविगबद्दल. २००४ च्या 'गोइंग पोस्टल'मध्ये हा ठकसेन फासावरून खाली उतरतो आणि त्याच्या गळ्यात बंद पडलेलं पोस्ट खातं बांधलं जातं. मी लोकांना फसवलं असेल, पण कधी कुणावर हात उचलला नाही, याचा त्याला अभिमान असतो. त्याच्यावर पाळत ठेवणारा गोलेम, म्हणजे मातीचा चालताबोलता पुतळा, मिस्टर पंप, शांतपणे हिशोब मांडून सांगतो की तू २.३३८ माणसं मारली आहेस. बुडवलेल्या पैशांमुळे, बंद पडलेल्या धंद्यांमुळे, उपाशी राहिलेल्या घरांमुळे, थोडी थोडी करून. तो दशांश चिन्हापुढचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मांडीवर उलटं ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. विनोदी कादंबरीत इतकी कठोर नैतिकता मी तोवर पाहिली नव्हती.

'रेझिंग स्टीम'मध्ये हाच मॉइस्ट गॉब्लिन नावाच्या ठेंगण्या जमातीने दिलेलं काहीतरी पितो, बेभान होतो आणि हल्लेखोरांना ठार मारतो. हल्लेखोर दुष्ट आहेत, मान्य. पण २.३३८ चा हिशोब ज्याला ऐकवला गेला, त्याच्या हातून आता पूर्णांकांत माणसं मरतात आणि त्याचं ओझं पुढच्या पानांवर उतरत नाही. गाडी पुढे निघून जाते. त्या जागी मिस्टर पंपने एक वाक्य बोलावं असं मला तिन्ही वाचनांत वाटलं.

दुसरी गोष्ट व्हेटिनारीची. आंक-मॉरपॉर्क शहराचा हा शासक हलत नाही, हेच त्याचं सामर्थ्य. १९८९ च्या 'गार्ड्स! गार्ड्स!'मध्ये त्याला त्याच्याच तळघरात कोंडतात आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं की त्या कोठडीच्या कड्या आतल्या बाजूने आहेत. बाहेर एवढा गोंधळ चाललेला असताना तो आत निवांत बसलेला असतो. चाळिसाव्या पुस्तकात तो वेष पालटून इंजिनवर कोळसा टाकायला जातो आणि राजवाड्यात त्याच्यासारखा दिसणारा चार्ली बसवून ठेवतो. भाऊ म्हणतो, "ताई, म्हाताऱ्याला एकदा तरी मजा करू दे की!" त्याचं म्हणणं मला कळतं. पण त्याच पुस्तकात व्हेटिनारी चिडतो, धमक्या उघड बोलून दाखवतो, लांबलचक बोलतो. पूर्वी त्याच्या एका 'अच्छा' नंतरच्या शांततेला माणसं घाबरायची.

एकूणच या पुस्तकात सगळे फार बोलतात आणि सगळ्यांचा आवाज एकच येतो. नाव झाकून वाचलं तर वाक्य शहराच्या पोलीसप्रमुख व्हाइम्सचं की हॅरी किंगचं की मॉइस्टचं, हे मला कित्येक ठिकाणी सांगता येत नाही. एरवी याच मालिकेतली माणसं मी एका शब्दावरून ओळखते.

सगळ्यात खोल खंत मात्र बुटक्यांच्या राणीची आहे. प्रॅचेट यांच्या जगात बुटक्या लोकांमधले स्त्री-पुरुष दिसायला सारखेच, दाढीवाले, आणि स्त्री असणं उघड बोलायचं नाही ही रीत. १९९६ च्या 'फीट ऑफ क्ले'मध्ये चीअरी लिटलबॉटम ती रीत मोडायला लागते. मग १९९९ च्या 'द फिफ्थ एलिफंट'मध्ये डी नावाचं एक पात्र येतं. राजाच्या दरबारातलं मोठं पद, परंपरेचा कडवा रक्षक. राज्याभिषेकाची पवित्र वस्तू नाहीशी करण्यामागे हीच डी असते. का? तर तीही स्त्री आहे, आयुष्यभर ते लपवलंय, आणि ही चीअरी मात्र उजळ माथ्याने घागरा घालून हिंडते. मला जे मिळालं नाही ते तिला का मिळावं? तो आक्रोश वाचताना मला डीचा राग येईना. आपल्याला नाकारलेलं दुसऱ्याला मिळताना बघणं किती जड जातं, हे एवढ्याशा प्रसंगात त्यांनी दाखवलं होतं.

'रेझिंग स्टीम'च्या शेवटी बुटक्यांचा राजाच जाहीर करतो की मी राजा नाही, राणी आहे. या क्षणाची वाट आम्ही वाचक कितीतरी वर्षं पाहत होतो. आणि तो क्षण भाषणासारखा येतो, सभा फार लवकर तिच्या बाजूने होते. त्या गर्दीत मी डीला शोधत होते. ती किंवा तिच्यासारखी एखादी म्हातारी, जिच्यासाठी हे फार उशिरा आलं, अशी कुणीतरी.

आता आजाराबद्दल, कारण हा विषय निघाला की सगळे तिथेच थांबतात. डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यांना अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झाला आहे. पुढे त्यांना टाइप करता येईना, म्हणून ते तोंडी सांगून आणि आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर लिहीत. १२ मार्च २०१५ रोजी ते गेले. हे सगळं माहीत असताना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण निदानानंतरच, २०१० साली, 'आय शॅल वेअर मिडनाइट' आलं. त्यात टिफनी एकिंग ही कोवळ्या वयाची चेटकीण मार खाऊन गर्भ गमावलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला सावरते आणि तिच्या बापालाही मरू देत नाही. त्या प्रकरणातला एकही शब्द सैल नाही. आजार म्हटलं की सगळं उलगडलं, असं मला म्हणता येत नाही.

आणखी एक. प्रॅचेट यांची इच्छा होती की अपुरं राहिलेलं लिखाण नष्ट व्हावं. त्याप्रमाणे २५ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांची हार्ड ड्राइव्ह वाफेवर चालणाऱ्या जुन्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. भावाला ही बातमी विलक्षण आवडली होती. "बघ, वाफेवर माणसाचं किती प्रेम!" मला त्यातून दुसरंच दिसलं. जे तयार नाही ते वाचकाच्या हाती जाऊ द्यायचं नाही, इतका हा लेखक काटेकोर होता. 'रेझिंग स्टीम' मात्र त्यांनी वाचकांच्या हाती दिलं. मग त्याला दयेची सवलत देणारी मी कोण? इतर ४० पुस्तकांना लावते तोच काटा त्यालाही लावायला हवा.

परवा पुन्हा वाद झाला. भाऊ म्हणाला, "तू म्हणतेस वाफेपायी कोण भरडलं, ती किंमत या पुस्तकात कुणी मोजत नाही. मग नेड सिम्नेलचं काय?" त्याचं बरोबर आहे. नेड म्हणजे डिकचा बाप, १९९१ च्या 'रीपर मॅन'मध्ये कापणीचं यंत्र बनवणारा लोहार. बॉयलर फुटून तो मरतो, आणि म्हणूनच पोरगा आकड्यांना इतका जपतो. पण तो रूळ पडण्याआधीच गेलेला असतो. रूळ पडल्यावर ज्यांच्या घोडागाड्या थांबल्या त्यांच्यापैकी एकाचंही घर माझ्या लक्षात राहिलेलं नाही, आणि क्लॅक्सच्या, म्हणजे खुणांनी दूरवर निरोप पोचवणाऱ्या, मनोऱ्यांवर मेलेली माणसं मात्र 'गोइंग पोस्टल' वाचल्यापासून लक्षात आहेत. भाऊ यावर गप्प बसला. मग म्हणाला, मी पुन्हा वाचतो, तू सांगतेस ते शोधत वाचतो. माझी प्रत तो घेऊन गेलाय. मी त्याला बरोबर 'द फिफ्थ एलिफंट'ही दिलंय, डीच्या पानात खूण घालून.