खण परत आला

बुधवार, रात्रीचे साडेअकरा. हे झोपलेत. टेबलावर आईचा खण तसाच पडलाय, हिरवा, तांबड्या काठाचा. आज तो मलेशियातल्या पेनांगला देवीपाशी राहायचा होता.

निघायच्या आदल्या रात्री आईने स्वतःच्या हाताने तो माझ्या बॅगेत ठेवला. "तिकडे देवी असेलच कुठेतरी. माझ्या नावाने ओटी भर," एवढंच म्हणाली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फेब्रुवारीनंतर आम्ही दोघी त्यावर बोलतच नाही.

सकाळी जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम पिअरला लागलं. साडेचारच्या आत परत यायचं होतं. वन्सं आणि बाकी सगळे पेनांग हिलवर गेले, १९२३ सालापासून तिथे दोरावर ओढली जाणारी रेल्वे चालते. मी येत नाही म्हटलं तर कुणी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. हल्ली मी नाही म्हणाले की सगळ्यांना सोपंच जातं. असो.

धक्क्यावरून बाहेर पडलं की लगेच घड्याळाचा मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून ६० फूट उंच, वर्षाला एक फूट. तिथून सरळ लिटल इंडियात जायचं ठरलं होतं. पण आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीवर काढलेली दोन मुलं आणि भिंतीला ठोकलेली खरीखुरी सायकल आहे ना, ते २०१२ चं चित्र, त्याच्यासमोर फोटोसाठी मी रांगेत उभी राहिले. भावाच्या मुलांना दाखवायला. मग नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेतलं. क्वीन स्ट्रीटवरच्या महामारिअम्मनच्या देवळाशी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. दार बंद. आता एकदम साडेचारला उघडणार.

१८३३ चं देऊळ. गोपुरावर रंगीत देवदेवतांची दाटी. मारिअम्मन म्हणजे पावसाची नि देवीच्या रोगाची देवी, आपल्या मरीआईसारखीच. आषाढात आई वेशीवरच्या मरीआईला नैवेद्य घेऊन जायची, मी मागून तांब्या धरून. बंद दारापुढे ते सगळं आठवलं आणि घसा दाटून आला.

शेजारी एक बाई मोगऱ्याचे गजरे करत बसली होती. माझ्या हातातलं सामान पाहून तिने काय ते ओळखलं. "अक्का," म्हणाली आणि हात पुढे केला. खण तिच्या हातात दिला तर तिने काठावरून अंगठा फिरवला, अगदी हळू, बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि दोन्ही डोळ्यांना लावला. मग घड्याळ दाखवून, देवळाकडे बोट करून तिने सांगितलं, संध्याकाळी मी देते.

आणि मी खण परत घेतला. तिच्या हातातून.

ती काहीच बोलली नाही. हसून पुन्हा दोऱ्याला गाठी मारायला लागली. तेव्हापासून माझं मन तिथेच अडकलंय. मला कसली भीती वाटली? ती देणार नाही याची? पैसे मागेल याची? तिने तर गजऱ्याचंसुद्धा नाव काढलं नव्हतं. की आईने मला सांगितलं होतं, तर मीच भरायला हवी, दुसऱ्या कुणाच्या हातून नको, असं काही होतं? हे दुसरं कारण खरं असावं असं मला फार वाटतंय. पण त्या क्षणी मनात पहिलंच आलं होतं.

पुढच्या रस्त्यावर करुणादेवी क्वान यिनचं देऊळ उघडं होतं. अंगणात पुरुषभर उंचीच्या उदबत्त्या, धुराने डोळे चुरचुरत होते. बायका गुडघ्यावर बसून डोळे मिटून काही मागत होत्या. मी बराच वेळ उभी राहिले, पण तिथेही पिशवीत हात घातला नाही. जहाजावर चढताना तपासणीत नारळ काढून घेतला, बाहेरचं खायचं आत चालत नाही म्हणे. खण तेवढा राहिला.

रात्री आईला फोन केला. आपल्याकडे अडीच तास मागे, ती दिवा लावत होती. रडतच सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, मग तिलाच द्यायचास. चोळी शिवली असती तिने."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. पण आईच्या आवाजात राग नव्हता, दमलेपणाही नव्हता, आणि महिन्यांनी ती माझ्याशी जेवणाखाण्याखेरीज काही बोलली. पंधरा मिनिटं बोललो. त्या विषयावर नाही, मरीआईवर, त्या तांब्यावर, तो मी एकदा वेशीपाशी सांडला होता त्यावर.

खणाच्या काठावर त्या गजरेवालीच्या अंगठ्याचं कुंकू लागलंय. पुसणार नाही. परवा सकाळी सिंगापूर. साउथ ब्रिज रोडवर १८२७ पासूनचं मारिअम्मनचं देऊळ आहे, आणि आपलं विमान रात्रीचं. नारळ तिथेच घेईन. बारा वाजायच्या आत पोचायचं.