सोलापूरच्या पेठांत, नक्षी उतरण्याआधी

बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत वाडा उतरवायला काढलाय, दोन-चार दिवसांत माळवद (मातीचं सपाट छप्पर) खाली येईल, असा मित्राचा फोन आला आणि मी पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. जुन्या घरांवरची नक्षी मोजायची, कागदावर उतरवायची आणि जमलं तर वाचवायची, हे काम मी करते. त्यात सगळ्यात अवघड काय, तर पाडकामाची बातमी वेळेवर कळणं. बहुतेकदा कळतं तेव्हा ट्रक भरून गेलेला असतो.

सकाळी वाड्यावर पोहोचले तर मुकादमाची माणसं वर चढलेलीच होती. इकडच्या जुन्या घरांना माळवद असतं. लाकडी कड्या, त्यावर पाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा स्लॅबच्या घरात मिळायचा नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंती नि डोक्यावरचा हा भार काय करू शकतो, ते सगळ्या भागाने पाहिलं. घरमालक काका म्हणाले, "ताई, त्या सालापासून आमच्या आईनं आत झोपणं सोडलं." भावकीतले हिस्सेही वाढलेले. अशा घराला ‘वारसा’ म्हणून त्यांच्या गळ्यात बांधायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. घर राहणार नसेल तर निदान ते कसं होतं याची नीट नोंद राहावी, एवढाच माझा हट्ट.

चौकात चार सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब. खाली दगडी तळखडा (बैठक), वर कणी (खांबाचा माथा), कणीवरून दोन्ही बाजूंना निघालेले हस्त (भार पेलणारे आधार), त्यावर तुळई. हस्तांच्या टोकाला केळफूल कोरलेलं. ऑइलपेंटचे थर इतके की पाकळ्या बुजून गेल्या होत्या. एका हस्ताचा बोटभर भाग हलक्या हाताने खरवडला तेव्हा हिरव्याखाली निळा, त्याखाली पिवळा आणि तळाशी तेल पाजलेलं लालसर सागवान निघालं. खरवडलेली जागा मी तशीच ठेवली आणि पट्टी लावून फोटो घेतला. घराने कोणकोणते रंग पाहिले, त्यांचा क्रम दुसरीकडे कुठेच लिहिलेला नसतो.

मुख्य दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी, म्हणजे गणपती कोरलेली आडवी पट्टी, होती. मध्ये गणपती, दोन्हीकडे वेल आणि वेलीत पोपट. डावीकडचा पोपट उजवीकडच्यापेक्षा जाड आणि त्याची चोचही वेगळी. दोन हातांनी केलेलं काम असावं, असं मला वाटलं. पट्टीवर पातळ कागद चिकटवून मेणाच्या खडूने घासलं की नक्षी जशीच्या तशी मापात उमटते. फोटोत खोली दिसते, पण माप पुसट होतं. ठशात माप मिळतं, पण खोली जाते. म्हणून दोन्ही लागतात.

माझी कामाची पद्धत साधी आहे. आधी चौकाचा कच्चा नकाशा, मग प्रत्येक खांबाला दिशेनुसार नंबर आणि तोच नंबर खडूने लाकडावर. हे सगळं होईपर्यंत काहीही हलवायचं नाही. मुकादम वैतागला होता. "मॅडम, एवढं काय लिहायलाव? लाकूडच आहे की ओ." त्याचंही खरं आहे. त्याच्या हिशोबात जुनं सागवान घनफुटावर जातं आणि कोरीव हस्त असला तर नगावर. चांगले नग मुंबईला जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात पोहोचतात, तिथून एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर. तिथे हस्त छान दिसतो, पण कुठल्या गावचा, कुठल्या पेठेतला, कोणत्या दिशेला तोंड करून होता, हे कोणी सांगू शकत नाही. मला हे नुकसान लाकूड जळण्याइतकंच मोठं वाटतं.

शिकागोचे छायाचित्रकार रिचर्ड निकेल यांची मला या कामात नेहमी आठवण होते. वास्तुरचनाकार लुई सलिव्हन यांच्या इमारती पाडल्या जात असताना ते आधी फोटो घेत, मापं घेत आणि मग अलंकरणाचे तुकडे सोडवत. १९७२ मध्ये तिथल्या स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत असंच काम करताना ती अंगावर कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्या इमारतीतलं सौद्यांचं दालन आज वाचवलेल्या भागांसह तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभं आहे. त्यामुळे वरची माती उतरल्यावर, भिंती मोकळ्या झाल्यावर मी आत पाऊल टाकत नाही. एखादा हस्त गेला तरी चालेल.

दुपारी काम थांबलं तेव्हा भाकरी-शेंगाचटणी खाऊन इंद्रभुवन बघायला गेले. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ही वास्तू पुढे महापालिकेची झाली. गिरण्यांच्या काळात (पहिली गिरणी, आपली जुनी मिल, १८७७ ची) या शहरात केवढा पैसा आणि केवढी हौस आली, ते तिच्या दर्शनी भागावरून कळतं. इथली नक्षी बरीचशी चुन्यातली. लाकडी हस्त खुंट्या काढल्या की सुटतो. चुन्याची नक्षी मात्र भिंतीवरच घडवलेली असते, काढायला गेलं की तुकडे होतात. तिचा साचा घ्यायचा किंवा भिंतीसकट ती जपायची, तिसरा मार्ग नाही. पेठांतल्या छोट्या घरांवर चुन्याचे मोर, कमळं, महिरपी अजून आहेत आणि त्यांची नोंद लाकडाच्याही आधी व्हायला हवी. त्यांना बाजारात किंमत नाही, म्हणून ती नक्षी थेट राबिटात, पाडकामाच्या ढिगात, जाते.

दुसऱ्या दिवशी खांब सुटायला लागले. पहिली तुळई खाली आली आणि कणीच्या माथ्यावरचं कुसू (वरच्या लाकडात बसणारं टोक) उघडं पडलं. त्यावर छिन्नीने मारलेली एक खूण. दुसऱ्या खांबावर दोन, तिसऱ्यावर तीन. सुतारांनी जमिनीवर जुळवून पाहताना घातलेले हे त्यांचे नंबर, घर उभं राहिल्यापासून आतच झाकलेले. चौथ्या खांबावर खूणच नव्हती आणि त्याच्या हस्तातलं केळफूलही बाकीच्यांपेक्षा बसकं होतं. काकांना विचारलं, तर त्यांना लहानपणी ऐकलेलं आठवलं की त्या कोपऱ्याला वाळवी लागली होती आणि खांब बदलला होता. माझ्या वहीतल्या ‘आग्नेय ४’ पुढे मी ते लिहून घेतलं. मुकादमही वाकून बघत होता. नंतरचे नग उतरताना त्याने स्वतःहून हाक मारली, "मॅडम, हिकडं बी खूण हाय, या."

खांब आणि हस्त विकले गेले. घेणाऱ्या व्यापाऱ्याने प्रत्येक नगाला माझी चिठ्ठी राहू द्यायचं कबूल केलं. पेठ, चौकातली दिशा, नंबर आणि काकांची परवानगी असल्याने वाड्याचं नाव. गणेशपट्टी काकांनी ठेवून घेतली. नव्या इमारतीच्या दाराची रुंदी पट्टीला पुरेल का, हे बघायला त्यांनी इंजिनिअरला बोलावलं होतं. पट्टी चौकटीपेक्षा चार इंच लांब निघाली, तेव्हा इंजिनिअर म्हणाला, पट्टी कापू. काका म्हणाले, दार वाढव.